आधी अँटिव्हायरस बंद करा

विकत घ्यायचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालू करून देणारा प्रोग्राम म्हणजे क्रॅक. त्याच्यासोबत बहुतेक वेळा एक छोटी मजकूर-फाइल येते. तिच्यात चार-पाच ओळी असतात आणि त्या जवळजवळ ठरलेल्या असतात. झिप उघडायचा पासवर्ड १२३४. आधी अँटिव्हायरस बंद करा. फाइलवर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काही इशारा आला तर घाबरू नका, तो खोटा असतो. हिरवी ओळ दिसली की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

विंडोज, ऑफिस, फोटो आणि व्हिडिओ संपादनाची सॉफ्टवेअर, नकाशे आणि आराखडे काढायची सॉफ्टवेअर, गेम या सगळ्यांसाठी लोक ही फाइल वाचतात, सांगितल्याप्रमाणे करतात आणि पुढच्या कामाला लागतात. पैसे वाचवायच्या नादात त्या पाच ओळींकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र त्या एकेक करून सावकाश वाचाव्याशा वाटतात, कारण या विषयातला जवळजवळ सगळा धोका तिथेच उघडपणे लिहिलेला असतो.

पहिली ओळ पासवर्डची. पासवर्ड त्याच पानावर मोठ्या अक्षरांत दिलेला असेल तर तो कुणापासून काय लपवतोय? माणसांपासून काहीच नाही. पासवर्ड लावलेली झिप आतून सांकेतिक होते, आणि ब्राउझरची, ईमेलची किंवा अँटिव्हायरसची डाउनलोड होतानाची तपासणी तिच्या आत डोकावू शकत नाही. तो पासवर्ड तपासणी करणाऱ्या यंत्रासाठी असतो. याच जातीची आणखी एक युक्ती आहे. पाच-सात एमबीची झिप उघडली की आतून सातशे एमबीची एक्झी, म्हणजे थेट चालणारी, फाइल निघते. तिच्यात खरा प्रोग्राम थोडासाच असतो, बाकी सगळी नुसती शून्यं भरलेली असतात. शून्यं दाबली की जागा घेत नाहीत, म्हणून झिप लहान राहते. फुगवायचं कारण सरळ आहे. व्हायरसटोटलसारख्या ऑनलाइन तपासणी सेवेवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, आणि बऱ्याच अँटिव्हायरसच्या तपासणीतूनही फार मोठ्या फाइली वगळल्या जातात. झिपच्या आणि आतल्या फाइलच्या आकारात असा शंभरपट फरक दिसला, तर ती फाइल उघडण्याआधीच पुसावी. आणखी पुरावा शोधत बसायची गरज नाही.

दुसरी ओळ अँटिव्हायरसची आणि तिसरी ॲडमिनिस्ट्रेटरची. या दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. एखाद्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचं तर हल्ला करणाऱ्याला एरवी दोन अडथळे पार करावे लागतात: संरक्षण चुकवणं, आणि साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवरून ॲडमिनच्या हक्कांवर चढणं. दोन्ही अवघड आहेत, दोन्हीसाठी बहुधा सॉफ्टवेअरमधली एखादी फट सापडावी लागते, आणि फटी बुजवल्या जातात. क्रॅकच्या सूचनांमध्ये ही दोन्ही कामं मालक स्वतःच्या हाताने करून देतो. फटीची गरजच उरत नाही. ॲडमिनच्या हक्कांनी चाललेला प्रोग्राम नवी सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, बसवू शकतो, ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची वेळ लावू शकतो, ड्रायव्हर चढवू शकतो, अँटिव्हायरसला 'हा फोल्डर तपासू नकोस' असं कायमचं सांगून ठेवू शकतो. मग अँटिव्हायरस परत चालू केला तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. पहारा पुन्हा बसतो खरा, पण त्याला एका खोलीत जायची मनाई असते.

'इशारा खोटा असतो' ही चौथी ओळ सगळ्यात घातक आहे, आणि ती समजायला ॲक्टिव्हेशन म्हणजे काय ते थोडं बघावं लागतं.

मायक्रोसॉफ्टने घरगुती प्रतींसाठी ॲक्टिव्हेशन मोठ्या प्रमाणावर आणलं ते २००१ मध्ये, विंडोज एक्सपी आणि ऑफिस एक्सपीसोबत. मोठ्या संस्थांची अडचण वेगळी होती. हजार मशिनं असतील तर प्रत्येकाने बाहेर इंटरनेटवर जाऊन परवानगी मागणं सोयीचं नाही. म्हणून व्हिस्टाच्या काळात केएमएस, म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस, आली. संस्थेच्या आतच एक सर्व्हर ठेवायचा. बाकीची मशिनं त्याच्याकडे जाऊन नोंद करतात. साध्या विंडोजची किमान २५ मशिनं किंवा सर्व्हर-विंडोजची किमान ५ मशिनं मोजली गेल्याशिवाय तो कुणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. मिळालेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, आणि प्रत्येक मशीन दर ७ दिवसांनी ते ताजं करायचा प्रयत्न करतं. मशिनांमध्ये टाकायची केएमएसची 'की', म्हणजे अक्षरं-आकड्यांचा परवाना-क्रमांक, तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या संकेतस्थळावर उघड छापलेली आहे, कारण तिला एकटीला काहीच किंमत नाही. किंमत असते ती सर्व्हरला आणि संस्थेने केलेल्या कराराला.

बेकायदा ॲक्टिव्हेटरांपैकी मोठा गट या सर्व्हरचं सोंग आणतो. तुमच्याच मशीनवर एक खोटा केएमएस सर्व्हर उभा राहतो किंवा इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरकडे तुमचं मशीन वळवलं जातं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं आहे, म्हणजे 'एकदा क्लिक केलं आणि झालं' असं इथे होतच नाही. ते जिवंत ठेवायला काहीतरी मागे राहावंच लागतं: एखादी सर्व्हिस, एखादं शेड्युल केलेलं टास्क किंवा त्या परक्या सर्व्हरचा पत्ता. पहिल्या दोन प्रकारांत अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम, बहुधा सगळ्यात वरच्या हक्कांनी, मशिनात कायम मुक्कामाला असतो. तिसऱ्या प्रकारात तुमचं मशीन आठवड्यातून एकदा न चुकता एका परक्या पत्त्यावर जाऊन आपलं नाव, आपला ओळख-क्रमांक आणि परवान्याची स्थिती सांगून येतं.

दुसरा गट फाइलींची मोडतोड करणारा. यात सॉफ्टवेअरची मूळ डीएलएल, म्हणजे त्याच्या कोडचा भाग असलेली फाइल, बदलतात, आणि ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलू नये म्हणून होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर शोधायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, त्या सर्व्हरचे पत्ते अडवतात. अपडेट आलं की मोडतोड पुसली जाते, म्हणून सोबत अपडेटही बंद करायला सांगतात. हा तोटा लोकांच्या हिशेबात कधीच धरला जात नाही. क्रॅकमध्ये व्हायरस नसला तरी पीडीएफ उघडणारा किंवा व्हिडिओ वाचणारा प्रोग्राम वर्षानुवर्षं जुन्या फटींसह तसाच राहतो, आणि बाहेरून आलेली एखादी साधी फाइलसुद्धा त्याला पुरते.

आता त्या चौथ्या ओळीकडे परत येऊ. विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, या साधनांना पकडतो तेव्हा 'हॅकटूल' या नावाखाली पकडतो. 'ऑटोकेएमएस' आणि 'कीजेन' (खोट्या की बनवणारा प्रोग्राम) ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. म्हणजे साधन स्वच्छ असलं, त्यात केवळ ॲक्टिव्हेशन फोडायचाच भाग असला, तरी इशारा येणारच. त्यामुळे 'इशारा येतो, पण काही होत नाही' असा अनुभव खरोखर अनेकांच्या गाठीशी असतो. अडचण अशी की त्याच साधनाला कुणी चोरीचा प्रोग्राम चिकटवला तरीही इशारा येतो, आणि वाचणारा आधीच्या अनुभवावरून त्यालाही खोटाच समजतो. स्वच्छ फाइल आणि विषारी फाइल यांच्यात फरक करायची जी एकमेव सोय साध्या माणसाकडे होती, ती अशी हातची जाते. फाइल बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही, तक्रार करायला पत्ता नाही, मूळ फाइल कोणती आणि नक्कल कोणती ते ठरवायला काही नाही. केएमएसपिको हा ॲक्टिव्हेटर याचं ठळक उदाहरण. या नावाची इतकी संकेतस्थळं 'अधिकृत' म्हणून मिरवतात की अधिकृत या शब्दाला तिथे अर्थच राहत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की केएमएसपिकोच्या नावाने फिरणाऱ्या एका इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट उतरत होता. सोबत खरा केएमएसपिकोही बसत होता. विंडोज ॲक्टिव्हेट झालं, हिरवी ओळ दिसली, वापरणारा खूश. मागे काय उतरलं याची शंका यायला काही कारणच नव्हतं.

क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा प्रोग्राम. गुगलने २०२३ मध्ये त्याच्या वाटपदारांवर अमेरिकेत दावा लावला, तेव्हा आधीच्या वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार कॉम्प्युटरना त्याची लागण झाल्याचं सांगितलं होतं. रेडलाइन, विडार, लुमा हे त्याचेच भाऊबंद. क्रॅकमधून आज जे येतं ते बहुतेक करून हेच, आणि त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. हा प्रोग्राम पडदा काळा करत नाही, मशीन मंद करत नाही, काही मोडत नाही. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, आपोआप भरले जाणारे पत्ते आणि कार्डांचे तपशील उचलतो, क्रिप्टो-वॉलेटच्या फाइली आणि डेस्कटॉपवरच्या मजकूर-फाइली शोधतो, पडद्याचा एक फोटो काढतो, सगळ्याची झिप करून पाठवतो. काम मिनिटभरात आटोपतं. कित्येकदा तो त्यानंतर स्वतःला पुसूनही टाकतो. पुढच्या दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, आणि माणूस निश्चिंत होतो.

त्या झिपमधला सगळ्यात मोलाचा माल पासवर्डचा नसतो. तो कुकींचा असतो. ईमेलमध्ये एकदा लॉगिन केलं की दर वेळी पासवर्ड विचारत नाहीत, कारण ब्राउझरपाशी 'हा माणूस आत आलेला आहे' अशी एक खूण ठेवलेली असते. ती खूण दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवली की तोही आत आलेला ठरतो. पासवर्ड लागत नाही आणि मोबाइलवर ओटीपीही येत नाही, कारण ओटीपीचा टप्पा तुम्ही आधीच पार केलेला असतो. 'माझ्याकडे टू-स्टेप आहे, मला काय होणार' हा दिलासा या ठिकाणी पुरत नाही.

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अनेक देशांच्या यंत्रणांसोबत लुमाचं जाळं तोडलं, तेव्हा फक्त दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशिनांवर तो आढळला होता. इतक्या घरांची झिप कुणाच्या तरी बाजारात विकायला ठेवलेली असते, आणि विकत घेणारा काय करेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०२१ मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने युरोपातल्या एका जैवसंशोधन संस्थेची हकिकत प्रसिद्ध केली. संस्थेशी जोडलेल्या एका विद्यार्थ्याला आलेख काढायचं एक सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर हवं होतं. परवाना महाग, म्हणून क्रॅक शोधला. डिफेंडर आडवा आला, म्हणून डिफेंडर बंद केला, फायरवॉलही बंद केली. आत माहिती चोरणारा प्रोग्राम होता, आणि संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरायची त्याची लॉगिन-माहिती चोरीला गेली. तेरा दिवसांनी त्याच लॉगिनने संस्थेच्या आत एक रिमोट जोडणी झाली. दुरून जोडणाऱ्याच्या प्रिंटरचा ड्रायव्हर अशा वेळी आपोआप बसतो. इथे बसलेल्या ड्रायव्हरचं नाव रशियन भाषेत होतं. तपास करणाऱ्यांना तोच माग मिळाला. त्यानंतर दहा दिवसांनी सगळ्या यंत्रणेवर रायुक हे खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं, सॉफ्टवेअर सुटलं. बॅकअप होता, पण पूर्ण ताजा नव्हता. आठवडाभराचं संशोधन गेलं, सर्व्हर पायापासून उभे करावे लागले. विद्यार्थ्याने क्रॅक चालवला तो दिवस आणि संस्था बंद पडली तो दिवस यांत तेवीस दिवसांचं अंतर. या अंतरामुळेच बहुतेकांना आपल्या नुकसानीचा क्रॅकशी संबंध कधी कळत नाही.

घरगुती वापरकर्त्यांवर सगळ्यात जास्त आघात केला तो स्टॉप-डीजेव्हीयू या खंडणीखोर कुळाने, आणि त्याचा मुख्य रस्ता क्रॅक आणि कीजेन हाच होता. फाइल चालवली की पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दिसे, आणि तिच्या आडून फोटो, दस्तऐवज, सगळं कुलूपबंद होई. प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० केबीच तो सांकेतिक करत असे, म्हणून काम भराभर उरके. मागे राहणाऱ्या चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी, ७२ तासांत दिले तर निम्मे. वर तो होस्ट्स फाइलमध्ये सुरक्षा-मदतीच्या संकेतस्थळांचे पत्ते अडवून ठेवी, म्हणजे बळी पडलेल्याला मदत शोधतानाही पान उघडू नये. एम्सिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी मोफत सोडवणूक काढली. त्यानंतरच्या प्रकारांनी मात्र अधिक पक्की सांकेतिक पद्धत घेतली, आणि प्रत्येक मशीनसाठी सर्व्हरवरून आणलेल्या वेगळ्या किल्लीने कुलूपबंद झालेल्या फाइली त्या किल्लीशिवाय उघडत नाहीत.

क्रॅकनॉश वेगळ्या स्वभावाचा. तो क्रॅक केलेल्या गेममधून पसरला; अव्हास्टने २०२१ मध्ये सांगितलं की जगभरात २ लाख २२ हजार मशिनांवर तो पोचला होता आणि त्यांच्या जिवावर २० लाख डॉलरहून अधिक किमतीचं मोनेरो चलन खणलं गेलं होतं. त्याची पद्धत बघा. तो मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालतं त्या अवस्थेत, रीस्टार्ट करतो, कारण त्या अवस्थेत अँटिव्हायरस चालत नाहीत. तिथे डिफेंडर मोडतो, विंडोज अपडेट बंद करतो, आणि मग घड्याळाशेजारी विंडोज सिक्युरिटीचं आपलं स्वतःचं खोटं चिन्ह आणून बसवतो. त्यावर हिरवी बरोबरची खूण. इतका विचार करून केलेली फसवणूक पाहिली की 'माझ्या मशीनवर तर सगळं हिरवं दिसतं' या वाक्याचा आधार उरत नाही.

मॅक वापरणाऱ्यांनी यातून स्वतःला वगळू नये. २००९ मध्ये टोरंटवर फिरणाऱ्या ॲपलच्या आयवर्क '०९ च्या प्रतींमध्ये ट्रोजन, म्हणजे उपयोगी सॉफ्टवेअरच्या आड लपलेला घातक प्रोग्राम, होता, आणि २०२० मध्ये लिटल स्निच या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीतून थीफक्वेस्ट हा घातक प्रोग्राम पसरला. शिवाय हा नुसता चिल्लर चोरांचा उद्योग राहिलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इक्लेक्टिकआयक्यू या कंपनीने दाखवलं की रशियन लष्करी गुप्तहेर खात्याशी जोडला जाणारा सँडवर्म हा गट युक्रेनमधल्या विंडोज वापरकर्त्यांना विष भरलेले केएमएस ॲक्टिव्हेटर वाटत होता. युद्धातल्या देशात हेरगिरीसाठी जी साधनं निवडली गेली त्यांत हे एक होतं, कारण लोक ते आपणहून शोधतात आणि आपणहून पहारा उठवतात.

एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. काही ॲक्टिव्हेशन-स्क्रिप्ट अशा आहेत की त्यांचा कोड उघड आहे, अनेक जाणकारांनी तो वाचलाय, आणि त्यांत चोरीचा भाग सापडलेला नाही. 'सगळ्या क्रॅकमध्ये व्हायरस असतोच' हे म्हणणं खरं नाही, आणि ते ठोकून दिल्याने लोक बाकीचंही ऐकेनासे होतात. पण अशा स्क्रिप्ट चालवायची प्रचलित रीत म्हणजे एका ओळीची आज्ञा पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, चिकटवणं. ती आज्ञा त्या क्षणी त्या पत्त्यावर जे काही असेल ते आणून ॲडमिनच्या हक्कांनी चालवते. जाणकारांनी काल वाचलेला कोड आणि आज तिथे असलेला कोड एकच आहे याची खात्री तुमच्याकडे नसते. पत्ता हाताने टाइप करताना एक अक्षर चुकलं तर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या दारात असता, आणि अशी चुकीच्या अक्षरांची नावं मुद्दाम विकत घेऊन ठेवलेली असतात.

आणि स्क्रिप्ट स्वच्छ असली तरी कायद्याचा प्रश्न जागच्या जागी राहतो. ॲक्टिव्हेशन आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्टिव्हेशन ही यंत्राने केलेली नोंद. परवाना हा करार. काही साधनं कंपनीच्याच सर्व्हरवर तुमच्या मशीनची अस्सल दिसणारी डिजिटल नोंद करवून घेतात, पडद्यावर 'ॲक्टिव्हेटेड' असं येतं, पुन्हा फॉरमॅट मारला तरी तसंच राहतं. तरीही तुमच्यात आणि कंपनीत कुठलाच करार झालेला नसतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या करारात, म्हणजे ट्रिप्सच्या कलम १० मध्ये, कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीचं संरक्षण दिलेलं आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, १९९६ च्या कॉपीराइट तहाच्या कलम ११ ने त्यात भर घातली: कृतीला लावलेलं तांत्रिक कुलूप फोडणं याविरुद्धही देशांनी कायदा करावा. अमेरिकेत ते १९९८ च्या डीएमसीए या कायद्याने आलं. तिथे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी न्यायालय एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३बी खास कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी आहे. चोरटी प्रत आहे हे ठाऊक असताना ती वापरणाराही त्यात येतो: ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड, वापर धंद्याच्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड लावू शकतं. कुलूप फोडण्याबद्दलचं कलम ६५ए २०१२ च्या दुरुस्तीने आलं. घरात बसून एकट्याने वापरणाऱ्याच्या दारात कुणी येण्याची शक्यता सगळीकडेच कमी, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण धंद्यात चित्र बदलतं. कंपनीकडून तपासणीची नोटीस येते, नाराज होऊन गेलेला कर्मचारी कळवतो, विमा कंपनी सायबर हल्ल्याच्या दाव्यात सॉफ्टवेअरची यादी मागते. साधन बनवणारा आणि वाटणारा तर वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी खोल पाण्यात असतो. दुसऱ्यांच्या मशिनांत पैसे घेऊन क्रॅक टाकून देणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

स्वस्त की विकणाऱ्यांचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ च्या यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या निकालात कायमस्वरूपी घेतलेला परवाना पुढे विकायला मान्यता दिली, पण दोन अटींवर: पहिल्या मालकाने आपली प्रत बाद केली पाहिजे, आणि अनेक वापरकर्त्यांसाठी घेतलेला गठ्ठा-परवाना फोडून सुटा विकता येणार नाही. अगदी नाममात्र किमतीला मिळणाऱ्या की पुष्कळदा याच दुसऱ्या अटीवर अडकतात. एखाद्या संस्थेची अनेक मशिनांसाठीची की, जिला एमएके म्हणतात, शेकडो अनोळखी लोकांना सुटी विकलेली असते. ती आज चालते आणि एके दिवशी कंपनी ती बंद करते. विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो.

आपल्या मशीनवर काय आहे ते बघायला पाच मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचं दिसलं तर एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण घरच्या मशीनवर 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे' अशा अर्थाची ओळ दिसली, तर स्वतःला विचारा की ही संस्था कोणती. अधिक खोलात जायचं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-व्ही (slmgr /dlv) अशी आज्ञा द्या. वर्णनात व्हॉल्यूम-केएमएसक्लायंट असं आलं, केएमएस मशीनच्या जागी १२७ ने सुरू होणारा पत्ता किंवा अनोळखी नाव आलं, आणि उरलेली मुदत मिनिटांमध्ये २,५९,२०० च्या आतबाहेर दिसली, की शंका उरत नाही. ती मिनिटं म्हणजे बरोबर १८० दिवस. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमधली 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडा. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा टेम्प फोल्डर दिसला तर पुढचं लगेच वाचा. शेवटी सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. साध्या घरगुती मशीनवर तिच्यातल्या बहुतेक सगळ्या ओळी हॅशच्या खुणेने सुरू होतात.

क्रॅक चालवून झालाय आणि आता धाकधूक वाटतेय, अशा माणसाला मी सांगेन की क्रम चुकवू नका. पहिली चूक सगळे हीच करतात: त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलतात, आणि नवे पासवर्डही चोराला देतात. आधी त्या मशीनचं नेट तोडा, वाय-फाय बंद, केबल बाहेर. मग दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांची वाट तिथूनच जाते. लगेच त्याच खात्यात 'सगळीकडून साइन आउट' करा. नुसत्या पासवर्ड-बदलाने प्रत्येक सेवा जुन्या कुकी रद्द करतेच असं नाही. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये मेल कुठे आपोआप पुढे जातोय का, कुठला अनोळखी नियम लागलाय का, खातं परत मिळवायचा नंबर आणि पत्ता आपलाच आहे का, हे पाहा. चोर पासवर्डपेक्षा या जागांवर जास्त भरवसा ठेवतो. मग बँक, मग इतर. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरूनच चाला.

मशीनची साफसफाई त्यानंतर. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतं, साधारण १५ मिनिटं घेतं आणि नेहमीच्या स्कॅनपेक्षा भरवशाचं असतं. तरीही ॲडमिनचे हक्क एकदा दिलेल्या मशीनवर मला स्कॅनचा निकाल पुरेसा वाटत नाही. नव्याने विंडोज टाकणं हाच उपाय. स्वच्छ मशीनवरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने इन्स्टॉलर बनवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. जुन्या डिस्कवरून फक्त फोटो, दस्तऐवज, व्हिडिओ घ्या. कुठलीही एक्झी, एमएसआय किंवा स्क्रिप्ट घेऊ नका, आणि 'इन्स्टॉलर' नावाचा जपून ठेवलेला फोल्डर तर मुळीच नको. पुन्हा लागण होते ती हमखास तिथूनच. पेनड्राइव्हवरून सुरू करून सिस्टिमच्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं पुसा आणि रिकाम्या जागेवर इन्स्टॉल करा.

लायसन्स नसेल तर तेव्हा काय, ही भीती असते. पर्याय बरेच आहेत: लिबरऑफिस, ब्लेंडर, क्रिता, इंकस्केप, क्यूजीआयएस, ऑफिसची ब्राउझरमधली मोफत आवृत्ती, विद्यार्थ्यांचे परवाने, लिनक्स तर आहेच. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोजसुद्धा चालतं आणि त्याला सुरक्षा-अपडेट मिळत राहतात, फक्त कोपऱ्यात पाणखूण दिसते आणि रंगरूप बदलता येत नाही. तो परवाना नव्हे, पण सोय होईपर्यंत तो क्रॅकपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

आणि एक गोष्ट बहुतेकांना सांगितलेलीच नसते. विंडोज ८ पासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये परवान्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली येते. कुणीतरी मधे फॉरमॅट मारताना होम आवृत्तीच्या जागी क्रॅक केलेली प्रो टाकलेली असते, आणि मालक आपल्याकडे परवानाच नाही असं समजून वर्षानुवर्षं ॲक्टिव्हेटर शोधत राहतो. अशा मशीनवर स्वच्छ इन्स्टॉल करताना इन्स्टॉलर की विचारतच नाही, आवृत्तीही स्वतःच निवडतो. सगळं आटोपल्यावर नेट जोडा आणि सेटिंग्जमधलं तेच ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. संस्थेची ती ओळ गेलेली असते. तिच्या जागी बहुधा डिजिटल लायसन्सची ओळ असते, आणि ते लायसन्स लॅपटॉप घेतला त्या दिवसापासून तुमचंच होतं.